दुधाचा दात पडला, पण फेकायला कौलं कुठे आहेत? जोगेश्वरीच्या टॉवरमध्ये उंदीरमामा येणार की दातपरी?

पहिली-दुसरीतल्या मुलाचा दात हलायला लागला की घरातलं वातावरणच बदलतं. मूल दिवसभर जिभेने तो दात हलवत बसतं. पोळी एकाच बाजूने चावतं. आजी म्हणते, "हात लावू नकोस, आपोआप पडेल." शेजारचा दादा दोरा बांधून दाराच्या कडीला अडकवायचा सल्ला देतो. आणि एक दिवस डबा खाताना किंवा चूळ भरताना तो इवलासा दात हातात येतो.

मग प्रश्न येतो, आता याचं करायचं काय?

एका पिढीपूर्वी जोगेश्वरी पूर्वेला याचं उत्तर सोपं होतं. मेघवाडी, मजासवाडी, शामनगर या भागांत चाळी आणि बैठी घरं होती. दाराबाहेर आलं की हाताशी छप्पर असायचं, कुठे कौलं, कुठे पत्रा. दात वर भिरकावला, उंदराला किंवा चिमणीला हाक मारली, झालं. गावाकडून येताना लोक जे घेऊन आले, त्यात ही रीतही होती.

आज यातली अनेक कुटुंबं पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये राहतात. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे आपल्या बोलण्यातलं 'एसआरए', १९९५ मध्ये स्थापन झालं. आधी २२५, मग २६९ आणि आता ३०० चौरस फुटांची घरं या योजनेतून मिळतात. घर पक्कं झालं, नळ आणि संडास घरात आला. पण नवव्या मजल्यावरच्या घराला स्वतःचं छप्पर नसतं. वर दहावा मजला असतो.

याच घरातलं मूल मोबाईलवर 'पेपा पिग' बघतं. त्यात पेपाचा दात पडतो आणि तिच्या उशीखाली एक परी नाणं ठेवून जाते. दुसऱ्या दिवशी मूल विचारतं, "आई, माझ्याकडे टूथ फेअरी कधी येणार?"

आईबाबांची इथे पंचाईत होते. जुनी रीत करायला जागा नाही आणि नवी रीत आपली वाटत नाही. म्हणून हे सगळं जरा मुळापासून समजून घेऊया.

दात पडतो म्हणजे नेमकं काय होतं?

दुधाचे दात एकूण २० असतात. साधारण सहाव्या महिन्यापासून ते येऊ लागतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. साधारण सहाव्या वर्षी ते पडायला सुरुवात होते. बहुतेक मुलांमध्ये पहिला मान खालच्या जबड्यातल्या मधल्या पटाशीच्या दातांचा असतो. हा सिलसिला ११-१२ वर्षांपर्यंत चालतो.

पडलेला दुधाचा दात हातात घेऊन बघा. त्याला मूळ जवळपास नसतंच. म्हणून अनेकांना वाटतं की दुधाच्या दातांना मुळंच नसतात. प्रत्यक्षात ती असतात आणि चांगली लांब असतात. खालून पक्का दात वर सरकू लागला की शरीरातल्या विशिष्ट पेशी दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळवतात. आधार संपला की दात हलतो आणि पडतो. म्हणूनच वेळेवर पडणाऱ्या दाताचं रक्तही थोडंसंच येतं. स्वच्छ कापूस किंवा कापड काही मिनिटं दाबून धरलं की ते थांबतं.

दात जेवताना पोटात गेला तरी बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं, तो शौचावाटे निघून जातो. मात्र त्यानंतर मुलाला सतत खोकला येत असेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्यायला हवं.

मोठ्यांसाठी ही साधी गोष्ट आहे. पण मुलाच्या बाजूने विचार करा. आपल्या शरीराचा एक भाग निखळून हातात आलाय, तोंडात रक्ताची चव आहे आणि आरशात खिंडार दिसतंय. आयुष्यातला हा पहिलाच असा प्रसंग असतो. झुरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी याबद्दल सुमारे १३०० पालकांना विचारलं होतं. पहिला दात पडला तेव्हा आपल्या मुलाला आनंद, अभिमान असं काही चांगलं वाटलं, असं जवळपास ८० टक्के पालकांनी सांगितलं. उरलेल्यांच्या मुलांना मात्र भीती किंवा वाईट वाटलं होतं.

जगभरातल्या दाताच्या रिती या क्षणासाठीच आहेत. जे गेलं त्याच्या जागी नवं येणार आहे, हा भरवसा मुलाला द्यायचा असतो.

आपल्याकडची रीत काय आहे?

संस्कृतात दाताला 'द्विज' म्हणतात, म्हणजे दोनदा जन्मलेला. पक्ष्यालाही हाच शब्द आहे, कारण तो एकदा अंड्याच्या रूपात आणि एकदा अंड्यातून जन्मतो. बालरोगांवरचा आयुर्वेदाचा जुना ग्रंथ असलेल्या काश्यपसंहितेत दात येण्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. ३२ दातांपैकी आठ एकदाच येतात आणि बाकीचे दोनदा येतात म्हणून ते द्विज, अशी विभागणी त्यात आहे. आजच्या दंतशास्त्राप्रमाणे एकदाच येणाऱ्या दाढा १२ आहेत, पण दोनदा येणारे आणि एकदाच येणारे असे दोन गट आपल्याकडे फार पूर्वीच ओळखले गेले होते.

पडलेल्या दाताचं काय करायचं, याची महाराष्ट्रात एकच एक पद्धत नाही. कुणाकडे तो कौलावर फेकतात, कुणाकडे उंदराच्या बिळात टाकतात, कुणाकडे तुळशीच्या मुळाशी पुरतात. काही ठिकाणी शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर टाकतात. फेकताना मागणं साधारण एकच असतं, माझा जुना दात घे आणि मला नवा छान दात दे.

हे मागणं बहुतेक वेळा उंदराकडे असतं, काही घरांत चिमणीकडे. चिमणीला दात नसतात हे मुलांनाही माहीत असतं. तरी लिमलेटची गोळी फ्रॉकच्या किंवा शर्टाच्या टोकात धरून दातांनी फोडायची आणि 'चिमणीच्या दातांनी' तोडली म्हणून उष्टी नाही असं सांगत वाटून खायची, हा खेळ आपल्यापैकी अनेकांनी खेळलेला आहे. मुलांच्या जगात चिमणीला दात असू शकतात.

पण उंदीरच का?

याचं उत्तर उंदराच्या तोंडातच आहे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. सतत कुरतडून ते झिजवले नाहीत, तर उंदराला खाणंही अवघड होईल. असे न संपणारे दात आपल्या मुलाला मिळावेत, यासाठी उंदराकडे मागणं मागितलं जातं.

आणि हे फक्त आपल्याकडे नाही. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जेम्स जॉर्ज फ्रेझर यांचा 'द गोल्डन बाऊ' हा ग्रंथ १८९० मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी अशा अनेक रिती नोंदवल्या आहेत. पॅसिफिक महासागरातल्या रारोटोंगा बेटावरची रीत वाचून तर कोकणातली आजीच आठवेल. तिथेही दात पडला की लहानमोठ्या उंदरांना उद्देशून मागणं मागायचे आणि दात घराच्या गवती छपरावर फेकायचे. छपरावरच का? तर उंदीर जुन्या गवतात घरटी करतात म्हणून.

म्हणजे छप्पर आणि उंदीर ही दोन वेगळी उत्तरं नाहीत. शाकारलेल्या आणि कौलारू घरांत उंदीर आढ्यावरूनच धावायचे. दात वर टाकला की तो उंदराच्या पत्त्यावर पोहोचायचा.

एकदा शरीराचा भाग असलेली वस्तू शरीरापासून सुटली, तरी तिच्याशी आपलं नातं राहतं, अशी समजूत या रितींमागे असल्याचं फ्रेझर सांगतात. मग तो दात ज्याच्या हाती पडेल त्याचे गुण आपल्या नव्या दातात येतील, असं मानलं जायचं.

इतर देशांतही त्या त्या जागेप्रमाणे रीत बदलते. जपानमध्ये खालचा दात छपरावर आणि वरचा दात जोत्याखाली टाकायची पद्धत आहे. नवा दात जुन्याच्या दिशेने सरळ वाढावा, हा त्यामागचा विचार. कोरियात दात छपरावर फेकतात आणि हाक मारतात मॅग्पाय या पक्ष्याला. मध्यपूर्वेत अनेक ठिकाणी तो सूर्याच्या दिशेने फेकतात.

युरोपात उंदीर बिळातून थेट उशीखाली पोहोचला. फ्रान्समध्ये पडलेला दात न्यायला 'छोटी उंदरी' येते. स्पेनमध्ये तिच्या जागी 'पेरेझ' नावाचा उंदीर आहे. १८९४ मध्ये स्पेनचा बालराजा तेरावा अल्फोन्सो आठ वर्षांचा होता. त्याचा दात पडला तेव्हा लुईस कोलोमा या धर्मगुरू-लेखकाला राजघराण्यासाठी गोष्ट लिहायला सांगितलं गेलं. कोलोमा यांनी या उंदराला माद्रिदच्या आरेनाल रस्त्यावर, बिस्किटाच्या डब्यात राहायला जागा दिली. आज त्याच रस्त्यावर आठ क्रमांकाच्या इमारतीला या उंदराच्या नावाची पाटी आहे. एका काल्पनिक उंदराला शहराने पत्ता दिला आणि मुलांनी तो मान्य केला.

मग परी कुठून आली?

अनेकांना वाटतं की टूथ फेअरी ही पाश्चात्त्यांची फार प्राचीन परंपरा असणार. पण ती आपल्याकडच्या पणजीच्या वयाची आहे.

तिचा छापील स्वरूपातला सर्वांत जुना ज्ञात उल्लेख २७ सप्टेंबर १९०८ च्या 'शिकागो डेली ट्रिब्यून'मधला आहे. घरगुती सल्ल्यांच्या सदरात लिलियन ब्राऊन नावाच्या बाईंनी एक युक्ती सांगितली होती. हलणारा दात काढू न देणाऱ्या हट्टी मुलाला परीची गोष्ट सांगा. दात उशीखाली ठेवला की परी रात्री येऊन छोटी भेट ठेवून जाईल म्हणावं. त्यासाठी पाच सेंटला मिळणाऱ्या वस्तू आईने आधीच आणून ठेवाव्यात, असंही त्यांनी सुचवलं होतं.

१९२७ मध्ये एस्थर वॉटकिन्स अर्नोल्ड यांनी मुलांसाठी या परीवर छोटं नाटक लिहिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मध्यमवर्गाच्या हाती पैसा आला, परीकथांचे सिनेमे घरोघरी पोहोचले आणि १९५० च्या दशकात ही परी सगळीकडे रुळली.

अर्थात दाताबद्दल भेट देण्याची कल्पना जुनी होती. उत्तर युरोपातल्या नॉर्स लोकांमध्ये बाळाला पहिला दात आला की भेट देत. भेट द्यायची जुनी पद्धत, उशीखालचा उंदीर आणि परीकथांमधली परी असे तीन धागे अमेरिकेत एकत्र आले.

यातून आपल्यासाठी एक गोष्ट स्पष्ट होते. टूथ फेअरी ही कुण्या एका आईने दात काढून घेण्यासाठी वापरलेली आणि मग इतरांनी उचललेली युक्ती आहे. त्यामुळे जोगेश्वरीतल्या आईने ती तशीच घ्यावी, बदलावी किंवा तिच्याऐवजी स्वतःची काढावी, यात कुठल्याच परंपरेचा अपमान नाही.

मुलांना खोटं सांगायचं का?

हा प्रश्न अनेक पालकांना खरोखर छळतो. मुलाला 'खोटं बोलू नकोस' म्हणायचं आणि आपणच उंदरामामाच्या नावाने चिठ्ठी लिहायची?

यावर अमेरिकेत एक गमतीशीर प्रयोग झाला आहे. टेक्सास विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जॅकलीन वुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कँडी विच' नावाची एक नवीच चेटकीण तयार केली. हॅलोविनच्या रात्री ती मुलांच्या गोळ्या-चॉकलेटं घेऊन जाते आणि बदल्यात खेळणं ठेवते, असं बालवाडीच्या मुलांना सांगितलं गेलं. काही पालकांनी रात्री खरोखर गोळ्यांच्या जागी खेळणं ठेवलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की ज्यांच्या घरी चेटकीण 'येऊन गेली', त्या मुलांचा तिच्यावर जास्त विश्वास बसला.

म्हणजे मूल भोळं असतं म्हणून विश्वास ठेवतं असं नाही. ते पुरावा बघतं. डबीतला दात नाहीसा झालाय, तिथे चिठ्ठी आहे आणि घरातले सगळे गंभीर चेहऱ्याने 'आम्ही नाही ठेवली' म्हणताहेत. इतक्या पुराव्यावर मोठी माणसंही विश्वास ठेवतील. पुढे सात-आठ वर्षांचं झालं की तेच मूल चिठ्ठीतलं अक्षर ओळखायला लागतं.

तो दिवस आला की काय करायचं? मुलाने सरळ विचारलं, "आई, हे तूच करतेस ना?" तर खरं सांगावं. त्यानंतर धाकट्या भावंडाच्या किंवा शेजारच्या छोट्याच्या वेळी उंदीरमामाची चिठ्ठी लिहायचं काम त्याच्याकडे द्यावं. रहस्य कळलेलं मूल बहुतेक वेळा ते मोठ्या जबाबदारीने सांभाळतं.

ज्यांना अजिबात खोटं बोलायचं नाही, त्यांनाही मार्ग आहे. आपल्या जुन्या रितीत कुणी येऊन काही ठेवून जातं, असा दावाच नाही. दात फेकायचा, मागणं मागायचं आणि काही आठवड्यांनी नवा दात येतोच. ते वचन निसर्ग पाळतो.

पैसे ठेवायचे का? किती?

अमेरिकेतली डेल्टा डेंटल ही दातांचा विमा देणारी संस्था १९९८ पासून दरवर्षी परीच्या 'दरा'ची पाहणी करते. १९९८ मध्ये एका दाताला सरासरी १ डॉलर ३० सेंट मिळत होते. २०२४ च्या पाहणीत ही रक्कम ५ डॉलर ८४ सेंट होती.

या आकड्याचं रुपयांत रूपांतर करू नका. २० दात आहेत, हे आधी लक्षात घ्या.

खरी अडचण वर्गात येते. एकाच बाकावरच्या दोन मुलांपैकी एकीला पाचशेची नोट मिळाली आणि दुसरीला काहीच नाही, तर दुसरीला वाटतं की आपलं काहीतरी चुकलं. जोगेश्वरीसारख्या ठिकाणी हे सहज होऊ शकतं. पुनर्वसनाची इमारत, विक्रीचा टॉवर आणि जुनी चाळ अशा तिन्ही ठिकाणची मुलं एकाच शाळेच्या गेटातून आत जातात.

म्हणून पैसे ठेवायचेच असतील तर एक नाणं पुरे. आणि शेजारच्या मुलाला समजा प्रश्न पडला, तर त्याला देता येईल असं उत्तर तयार ठेवा. 'त्यांच्याकडे परी येते, आपल्याकडे उंदीरमामा येतो, प्रत्येकाची पद्धत वेगळी' हे उत्तर बहुतेक मुलांना पटतं.

छोट्या घरात रीत कशी घालायची?

उशीखालची पद्धत स्वतंत्र खोलीत झोपणाऱ्या मुलांसाठी निघाली आहे. जिथे आई, बाबा, आजी आणि दोन मुलं एकाच खोलीत अंथरूण घालतात, तिथे रात्री उशीखाली हात घालणं म्हणजे पकडले जाण्याची हमी. त्यापेक्षा हे पर्याय बघा.

गावची कौलं: पडलेला दात धुऊन, पुसून छोट्या डबीत ठेवा. डबीवर मुलाचं नाव आणि दात पडल्याची तारीख लिहा. मे महिन्यात किंवा गणपतीला गावी जाल, तेव्हा आजोबांच्या घराच्या कौलावर मुलालाच फेकू द्या. वर्षभरात दोन-तीन दात साठले असतील तर ते एकदम फेकता येतील. मुंबईत राहून गावच्या घराशी नातं ठेवायला मुलाला स्वतःचं एक कारण मिळतं.

कुंडी: गाव नसेल किंवा जाणं होत नसेल, तर खिडकीतल्या कुंडीत दात पुरा. तुळस असेल तर तुळस, नाहीतर कोथिंबीर-मेथीची कुंडीही चालेल. त्याच दिवशी त्या कुंडीत मेथीचे दाणे पेरले तर काही दिवसांत कोंब दिसतात. जुनं जातं आणि नवं उगवतं हे मुलाला समजवायला वेगळे शब्द लागत नाहीत.

उंदीरमामाची चिठ्ठी: दाताची डबी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवा. सकाळी डबी रिकामी आणि शेजारी चार ओळींची चिठ्ठी. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहा. 'दात मिळाला, स्वच्छ होता, मागच्या दाढा जरा नीट घासत जा' इतकं पुरतं. वाचायला नुकतंच शिकलेलं मूल अशी चिठ्ठी दहा वेळा वाचतं. रात्री थकून झोपलात आणि विसरलात, तरी घाबरू नका. 'मेगाब्लॉक होता, उद्या येतो' ही चिठ्ठी मुंबईतल्या कुठल्याही मुलाला पटेल.

गणपतीची गोष्ट: ज्या घरात गणपती आहे, तिथे गोष्ट शोधायला लांब जावं लागत नाही. त्याचं एक नाव एकदंत आणि त्याचं वाहन उंदीर. दात तुटलेला असूनही सगळ्यांत आधी त्याचीच पूजा होते, हे ऐकून समोरचे दोन दात पडलेलं मूल शाळेतल्या फोटोसाठी तोंड उघडून हसायला तयार होऊ शकतं.

आजीचा फोन: दात पडला की पहिला व्हिडिओ कॉल आजी-आजोबांना. त्यांच्या लहानपणी दाताचं काय करायचे, हे मुलालाच विचारू द्या. आईकडची आणि बाबांकडची रीत वेगळी निघाली तर आणखी छान. एक वरच्या दातांसाठी ठेवा, दुसरी खालच्या.

यातलं काहीही निवडा, पण तीन गोष्टी सांभाळा. रीत प्रत्येक दाताला करता येईल इतकी सोपी हवी. दात टाकायचं काम मुलाच्याच हाताने व्हायला हवं. आणि दुसऱ्या भावंडालाही तेवढंच मिळायला हवं. एक सूचना मात्र पक्की: नवव्या मजल्याच्या खिडकीतून काहीही खाली फेकायची सवय लागू देऊ नका, अगदी दातसुद्धा.

'पडणारच आहेत' म्हणून दुर्लक्ष करू नका

आपल्या रितीत एक गोष्ट राहून जाते. नवा दात येणारच आहे हा भरवसा इतका असतो की जुन्याची काळजी घ्यायची राहते. 'दुधाचेच तर दात आहेत, किडले तर किडले' हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं.

दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे सहाव्या वर्षी किडलेल्या दाढेने मुलाला पुढची चार-पाच वर्षं चावायचं असतं. दाढ दुखते म्हणून मूल नीट जेवत नाही, झोपत नाही. शिवाय दुधाचा दात पक्क्या दातासाठी जागा राखून ठेवतो. तो किडून वेळेआधी काढावा लागला की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पक्का दात वाकडा येऊ शकतो. कीड मुळापर्यंत गेली तर खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातालाही इजा होऊ शकते.

आणखी एक गफलत सहाव्या वर्षी होते. याच वयात सगळ्यांत मागे पहिली पक्की दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दुधाचा दात पडत नाही, ती रिकाम्या जागी येते. त्यामुळे अनेक पालक तिला दुधाचीच समजतात आणि ती किडली तरी 'पडेल' म्हणून सोडून देतात. ती कधीच पडणार नसते. पहिला दात पडला की टॉर्च घेऊन मागची ही दाढ आली आहे का बघा आणि तेव्हापासून ती घासायला सुरुवात करा.

तीन वर्षांवरच्या मुलांना वाटाण्याएवढी फ्लोराइड असलेली टूथपेस्ट पुरते. दात दिवसातून दोनदा घासायचे, त्यातलं एकदा झोपण्यापूर्वी. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी मदत करावी, कारण त्याआधी मुलांचा हात मागच्या दाढांपर्यंत नीट पोहोचत नाही.

खालच्या दातांमागे दुसरी रांग दिसली तर लगेच घाबरायचं कारण नाही. जुना दात हलत असेल तर तो पडतो आणि जीभ नव्याला हळूहळू पुढे ढकलते. दोन-तीन महिन्यांनीही जुना दात हललाच नाही, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. चौथ्या वर्षाआधी दात पडला किंवा आठव्या वर्षापर्यंत एकही पडला नाही, तरीही दाखवा.

खेळताना पडून पक्का दात मुळासकट निघाला, तर तो डबीत जपून ठेवायचा नाही. मुळाला हात न लावता वरच्या बाजूने धरायचा, थंड दुधात टाकायचा आणि शक्य तितक्या लवकर, तासाभराच्या आत डॉक्टरांकडे पोहोचायचं. तो परत बसवता येऊ शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

खर्चाची चिंता असेल तर मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय रुग्णालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय रुग्णालय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच झाली. त्यात ज्या आजारांसाठी मुलांची तपासणी होते, त्या यादीत दातांचे आजारही आहेत.

दाताची 'बँक' काढायची का?

अलीकडे पालकांसमोर आणखी एक पर्याय येतो, दुधाचा दात स्टेम सेल बँकेत ठेवण्याचा. अमेरिकेतले संशोधक साँगताओ शी यांना आपल्या सहा वर्षांच्या मुलीच्या पडलेल्या दातावरून कल्पना सुचली आणि २००३ मध्ये त्यांच्या गटाने दुधाच्या दातांतल्या स्टेम सेलबद्दलचं संशोधन प्रसिद्ध केलं. हे संशोधन खरं आहे आणि पुढेही सुरू आहे.

पण बँकेत पैसे भरण्याआधी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं माहीत असू द्या. त्यांच्यानुसार फक्त नाळेच्या रक्ताच्या बँकिंगला परवानगी आहे. दातांतल्या गरासह इतर जैविक घटकांच्या व्यावसायिक बँकिंगला मान्यता नाही.

म्हणजे सध्या तरी दात ठेवायला कौल, कुंडी आणि डबी हीच ठिकाणं बरी. तुमच्या घरातल्या मुलाचा दात हलत असेल, तर दोन कामं आजच करा. एक रिकामी डबी धुऊन ठेवा आणि मुलाला तोंड उघडायला सांगून मागची दाढ आली आहे का ते बघा.